विधिज्ञावर चरित्रनोंद कशी लिहावी: सनद, निकालपत्रे आणि वर्गातली टिपणे

लॉ कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला किंवा बार असोसिएशनची स्मरणिका निघाली, की कुणाच्या तरी गळ्यात एक काम पडते: अमुक सरांवर किंवा तमुक न्यायमूर्तींवर हजार-दीड हजार शब्द लिहून द्या. मग जन्म, शिक्षण, भूषवलेली पदे, पुरस्कार, निधन आणि शेवटी ‘निर्भीड, व्यासंगी व मृदुभाषी व्यक्तिमत्त्व’. नाव खोडून दुसरे घातले तरी तोच मजकूर चालतो. चित्रकाराचे चित्र छापता येते, गायकाचे ध्वनिमुद्रण ऐकवता येते. कायद्याच्या माणसाने काय केले ते मात्र निकालपत्रात, युक्तिवादात, नाहीतर विद्यार्थ्यांच्या वहीत असते, आणि तिथपर्यंत कुणी जात नाही. तिथे कसे जायचे ते पुढे सांगितले आहे.

दीड हजार शब्दांच्या नोंदीत जन्म-पदव्या-पदे दोनशे शब्दांत उरकावीत. एक किंवा फार तर दोन खटले घेऊन त्यांना सात-आठशे शब्द द्यावेत. वर्गातल्या शिक्षकाला तीनशे, आणि उरलेली जागा विरोधकांना व चुकांना. वेळ धरायचा तर संध्याकाळचा तास-दीड तास असे तीन आठवडे, त्यातला निम्मा निव्वळ वाचनाला. ज्यांनी पन्नास निकाल जमवले त्यांची नोंद यादी होते. पाच-सहाच घ्या, पण शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचा.

आधी माणूस कोणता ते पक्के करा

निम्मे घोळ नावात होतात. वाय. व्ही. चंद्रचूड आणि डी. वाय. चंद्रचूड हे पितापुत्र दोघेही सरन्यायाधीश झाले. एन. एच. भगवती आणि पी. एन. भगवती हेही पितापुत्र, दोघे सर्वोच्च न्यायालयात. नुसते ‘न्या. चंद्रचूड म्हणतात’ असे लिहिले की २८ एप्रिल १९७६ चा एडीएम जबलपूर निकाल आणि २४ ऑगस्ट २०१७ चा, खासगीपणाच्या हक्कावरचा पुट्टस्वामी निकाल एकाच खात्यावर जमा होतात. पहिल्यात वडील बहुमतात होते: आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येणार नाही, असे म्हणणाऱ्यांत. दुसऱ्यात मुलाने तोच निकाल चूक ठरवून मोडीत काढला. म्हणून पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, आणि नोंदीत दोघे येत असतील तर प्रत्येक वेळी आद्याक्षरे.

इंग्रजी निकालपत्रात आडनावापुढे ‘जे.’ दिसते. ते आद्याक्षर नव्हे, न्यायमूर्तीचे लघुरूप आहे, ‘सी. जे.’ म्हणजे मुख्य किंवा सरन्यायाधीश. ‘जे. गजेंद्रगडकर’ असे छापलेले पाहिले की लिहिणाऱ्याने निकाल चाळला होता, वाचला नव्हता, हे कळते. गजेंद्रगडकर पी. बी., म्हणजे प्रल्हाद बाळाचार्य. शोधखिडकीत नाव टाकताना स्पेलिंग तीन-चार प्रकारे टाकून पाहा. जुन्या रिपोर्टांत मराठी आडनावे कशीही लिहिलेली असतात.

तोच माणूस वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेला सापडतो, हेही लक्षात असू द्या. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील दिनशा दावर, जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्तीही दावरच. वकील म्हणून मांडलेली बाजू हे त्या माणसाचे मत नसते. नोंदीत ‘त्यांचे मत होते की’ हे शब्द वापरण्याआधी हे वाक्य कोर्टात अशिलासाठी बोललेले आहे, निकालात लिहिलेले आहे की व्याख्यानात मांडलेले आहे, ते समासात टिपून ठेवा.

पदव्या, सनद आणि ‘पहिला’चा सोस

पदव्यांची तारीख ही साधी गोष्ट वाटते, पण इथे जाणकारही घसरतात. परीक्षा उत्तीर्ण होणे, प्रबंध मान्य होणे, पदवी मिळणे आणि वकिलीची सनद मिळणे ही चार वेगळी वर्षे असू शकतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच पाहा. कोलंबियातले शिक्षण १९१३ ते १९१६, प्रबंध पुस्तकरूपाने छापला गेला १९२५ मध्ये, आणि पीएच. डी.ची नोंद १९२७ ची. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर १९२२, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी. एस्सी. १९२३. कोलंबियाने १९५२ मध्ये दिलेली एलएल. डी. ही सन्मान्य पदवी. ती अभ्यासाने मिळवलेल्या पदव्यांच्या ओळीत घालू नये. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात ते १९२८ मध्ये शिकवू लागले आणि १९३५ ते १९३८ प्राचार्य होते. ‘१९२८ पासून प्राचार्य’ असे सर्रास छापले जाते, ते चूक.

कॉर्नेलिया सोराबजींच्या बाबतीत हे अंतर तीस वर्षांचे आहे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी ऑक्सफर्डमध्ये बी. सी. एल. या कायद्याच्या पदवीची परीक्षा १८९२ मध्ये दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत तिथे स्त्रियांना पदवी देतच नसत. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मनाई कायद्याने उठली १९२३ मध्ये. मग ‘पहिल्या महिला वकील’ कोण? कॉर्नेलिया म्हणाल तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना १९२१ मध्ये नोंदवून घेतले. मुंबई उच्च न्यायालयापुरता तो मान मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम यांचा. तसेच न्यायमूर्तींचे: सुजाता मनोहर १९९४ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश झाल्या, देशातल्या नव्हे; तो मान १९९१ मध्ये हिमाचल प्रदेशात लीला सेठ यांना मिळाला होता. ‘पहिला’ किंवा ‘पहिली’ लिहायचेच असेल तर कुठे, कशात आणि कोणत्या वर्षी ही तीन उत्तरे त्याच वाक्यात द्या. देता येत नसतील तर शब्द खोडा. नोंद त्याने लंगडी होत नाही.

‘वकील’ हा शब्दही जुन्या काळासाठी फार ढोबळ. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर कागद तयार करी आणि ‘ओ. एस.’ (ओरिजिनल साइड, म्हणजे मूळ शाखेचा) अ‍ॅडव्होकेट कोर्टात उभा राही. तालुक्या-जिल्ह्याला प्लीडर, आणि विलायतेहून आलेला बॅरिस्टर. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने वकिलांचा एकच वर्ग केला, तरी मुंबई-कलकत्त्याची सॉलिसिटरची जोडपद्धत कायद्याने संपली १ जानेवारी १९७७ पासून. साताऱ्याच्या प्लीडरला बॅरिस्टर करून टाकले की घरचे लोक खूश होतात आणि जुने वकील हसतात. सनदेवर जे लिहिले आहे तेच लिहा.

कोर्ट कोणते, रिपोर्ट कोणता

आजचा नकाशा जुन्या खटल्यावर ठेवू नका. मुंबई उच्च न्यायालय १८६२ चे. विदर्भाचे खटले मात्र १९३६ पासून नागपूरच्या स्वतंत्र उच्च न्यायालयात चालत, आणि मराठवाडा हैदराबादच्या अखत्यारीत होता; दोन्ही प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईला जोडले गेले. गोव्याचे खंडपीठ १९८२ चे; पोर्तुगीज काळातले गोव्याचे न्यायालयीन कागद पोर्तुगीज भाषेत आहेत, तिथे भाषा जाणणारा सोबत लागतो. स्वातंत्र्यापूर्वीची शेवटची पायरी लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती, आणि ती १९४९ पर्यंत टिकली. त्यामुळे १९४० सालचा ‘सुप्रीम कोर्टाचा निकाल’ अशी वस्तू भारतात नाही.

निकाल शोधायचे कुठे? मुंबईचे १८७६ पासूनचे निकाल इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या बॉम्बे मालिकेत, १८९९ पासूनचे बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्येही. नागपूरहून निघणाऱ्या ‘एआयआर’मध्ये (ऑल इंडिया रिपोर्टर) १९१४ पासूनचे देशभरचे. सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे अधिकृत ‘एससीआर’ (सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स) खंड आता न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. जिल्हा बार लायब्ररीत जुने खंड अजून असतात. मागची अनुक्रमणिका सुटलेली असते, तेव्हा पक्षकारांच्या नावावरून नव्हे तर पानावरून शोधण्याची तयारी ठेवा.

संदर्भ कसा वाचायचा ते एका उदाहरणावर बघू: ‘(१९७९) २ एससीसी १४३’. ‘एससीसी’ म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस ही निकालमालिका. कंसातले वर्ष खंडाचे, २ हा त्या वर्षातला खंड, १४३ हे पान. निकालाची तारीख यात कुठेच नाही. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल १५ सप्टेंबर १९७८ चा आहे आणि छापून आला पुढच्या वर्षी. ‘१९७९ चा निकाल’ असे लिहिले की पुढचा सगळा घटनाक्रम वर्षभराने सरकतो. तारीख नेहमी निकालपत्रातून घ्या, संदर्भातून नको.

दुसरी मेख हेडनोटची. निकालाच्या वर बारीक टायपात जो सारांश असतो तो संपादकाने लिहिलेला असतो, न्यायमूर्तीने नव्हे. तो वाचून खटला कळतो, पण त्यातले वाक्य न्यायमूर्तीच्या तोंडी घालू नये. उद्धृत करताना ‘एआयआर’मध्ये परिच्छेद क्रमांक द्या. ‘एससीआर’ खंडात पानाच्या कडेला वरून खाली ए ते एच अशी अक्षरे छापलेली असतात. पान क्रमांक आणि अक्षर दोन्ही टिपले की वाक्य सापडायला अर्धे मिनिट लागते. हे अक्षर टिपायचा कंटाळा केलात तर मुद्रितशोधनाच्या दिवशी दोनशे पाने पुन्हा उलटावी लागतील.

बहुसदस्य पीठाचा निकाल असेल तर कोणी काय लिहिले याचा तक्ता करा. तीन रकाने पुरतात: न्यायमूर्ती, स्वतः लिहिले की दुसऱ्याला सहमती दिली, शेवटी कोणत्या बाजूला. केशवानंद भारती खटल्यात, २४ एप्रिल १९७३ ला, तेरा न्यायमूर्तींनी अकरा वेगवेगळी मते लिहिली आणि पारडे सात विरुद्ध सहाने झुकले. तक्त्याशिवाय यावर लिहू पाहणारा बुडतोच.

एक पत्र जवळून

प्राध्यापकाचा वारसा शोधणे न्यायमूर्तीपेक्षा कठीण, कारण त्याच्या सहीने निकाल निघत नाहीत. १६ सप्टेंबर १९७९ चे एक पत्र हा नमुना म्हणून घ्या. ते सरन्यायाधीशांना उद्देशून होते आणि त्यावर चौघांच्या सह्या होत्या: दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार.

पत्र होते वर सांगितलेल्या तुकाराम खटल्यावर. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असा त्या तर्काचा रोख होता. पत्राने बोट ठेवले ते नेमके इथे: संमती देणे आणि धाकापुढे निमूट होणे यांत फरक आहे, आणि रात्री चौकीत बोलावलेल्या गरीब मुलीच्या बाबतीत कोर्टाने तो पाहिलाच नाही.

आता चरित्रकाराचे काम. सोपे वाक्य असे: ‘या चौघांच्या पत्रामुळे बलात्काराचा कायदा बदलला.’ हे खोडा. कारण पत्र आणि कायदा यांच्यामध्ये चार वर्षे आहेत आणि त्यात बरेच काही आहे: स्त्रियांच्या संघटनांनी देशभर केलेली निदर्शने, फेटाळला गेलेला पुनर्विचार, विधी आयोगाचा १९८० चा चौऱ्याऐंशीवा अहवाल, मग संसदेतली चर्चा, आणि शेवटी १९८३ चा दुरुस्ती कायदा. पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आले. पोलीस कोठडीतील आणि तशाच ठरावीक प्रकारच्या खटल्यांत, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने कोर्टात संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरायचे. सरसकट सगळ्या खटल्यांना ते लागू नाही. ‘सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली’ एवढेच लिहिणे अर्धसत्य होते. तेच कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात १२० क्रमांकाने आहे. जुना आणि नवा क्रमांक दोन्ही द्या, नाहीतर आजचा विद्यार्थी नव्या पुस्तकात ११४-अ शोधत बसेल.

खोडलेल्या वाक्याच्या जागी असे लिहिता येईल: ‘संमती आणि निमूटपणा यांतला जो फरक चौघांनी १९७९ च्या पत्रात मांडला, तो निदर्शने व विधी आयोगाच्या अहवालामार्फत संसदेपर्यंत पोचला आणि १९८३ च्या दुरुस्तीत काही खटल्यांपुरता कायद्यात आला.’ लांब आहे, कबूल. पण यातल्या प्रत्येक शब्दाला कागद दाखवता येतो.

आणखी एक. हा खटला बोलताना त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. तुम्ही ते नाव लिहू नका; पक्षकारांच्या नावाने खटला सांगा. पीडितेची ओळख छापण्यास मनाई करणारे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे २२८-अ कलमही (आता भारतीय न्याय संहितेत ७२) याच १९८३ च्या दुरुस्तीने आले. पत्राचा गौरव करायचा आणि त्यातून निघालेले कलम मोडायचे, असे होऊ नये.

चौघांना एका फोटोत उभे करून सोडून देणे ही यातली शेवटची चूक. लतिका सरकार केंब्रिजच्या डॉक्टरेट आणि १९७४ चा स्त्रियांच्या स्थितीवरचा राष्ट्रीय अहवाल देणाऱ्या समितीच्या सदस्य; बक्षी पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि आग्र्याच्या महिला निवारागृहाच्या स्थितीवर स्वतः याचिकाकर्ते होऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्याच्यावर नोंद आहे त्याचे पत्राआधीचे कोणते काम त्याला या पत्राकडे घेऊन आले, ते शोधणे हा खरा चरित्राचा भाग.

कल्पनेचा माग

काही वेळा माणूस नव्हे, कल्पना चालत जाते आणि वाटेत तिचे मालक वाढतात. ‘संविधानाच्या मूलभूत चौकटीचे (म्हणजे संसदेला घटनादुरुस्तीनेही बदलता न येणाऱ्या गाभ्याचे) जनक’ हे बिरुद किती जणांना लावलेले आढळते ते मोजा. हा माग तारखांनी काढावा.

३० ऑक्टोबर १९६४, सज्जन सिंग विरुद्ध राजस्थान. सतरावी घटनादुरुस्ती वैध ठरली. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा. पण विदर्भातून आलेले न्या. जे. आर. मुधोळकर यांनी, निकालाशी सहमत होतानाच, एक प्रश्न लिहून ठेवला: संविधानाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणे ही दुरुस्ती मानायची, की संविधानाचा तो भाग नव्याने लिहिणे? त्याच पीठावर न्या. हिदायतुल्ला होते आणि त्यांनीही स्वतंत्रपणे शंका नोंदवली. मग फेब्रुवारी १९६५, बनारस हिंदू विद्यापीठ: हायडेलबर्गचे प्राध्यापक डीटरिश कॉनराड यांचे व्याख्यान, विषय दुरुस्तीच्या अधिकारावरच्या गर्भित मर्यादा. एम. के. नंबियार यांनी तो मुद्दा गोलकनाथ खटल्यात मांडला. न्यायालयाने फेब्रुवारी १९६७ मध्ये निकाल दिला तो वेगळ्या आधारावर. अखेर १९७३ मध्ये केशवानंद खटल्यात न्या. एच. आर. खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा नामनिर्देश करून उतारा दिला.

म्हणजे कॉनराड यांच्या बाबतीत दुवा कागदावर आहे. मुधोळकर-कॉनराड यांच्या बाबतीत फक्त क्रम आहे, आणि आधी घडले म्हणून त्यातून पुढचे निघाले असे नव्हे. दुवा आणि क्रम यांतला हा फरक नोंदीत दिसला पाहिजे: दुवा असेल तिथे ‘उद्धृत केले’, नसेल तिथे ‘त्याआधी चार महिने’. मुधोळकरांवर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे, आणि ही एक ओळ त्यांना न्याय द्यायला पुरेशी आहे. त्यांना जनक करायची गरज नाही.

केशवानंद खटल्यात मुंबईचे दोन दिग्गज समोरासमोर होते. याचिकाकर्त्यांकडून नानी पालखीवाला, केरळ सरकारकडून एच. एम. सीरवाई, जे १९५७ पासून १९७४ पर्यंत मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. सीरवाईंनी आधी मूलभूत चौकटीच्या सिद्धान्ताला विरोध केला आणि पुढे आपल्या संविधानावरील ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत तो स्वीकारला. अशा वेळी ग्रंथाची आवृत्ती लिहिल्याशिवाय ‘सीरवाई म्हणतात’ हे वाक्य निरर्थक आहे. लायब्ररीत हाताला लागली ती आवृत्ती आणि लेखकाचे शेवटचे मत हे एकच असेल असे धरून चालू नका.

वर्गातला माणूस

माजी विद्यार्थ्यांना ‘सर कसे होते?’ असे विचारले की ‘देवमाणूस’ हे उत्तर मिळते आणि मुलाखत संपते. त्याऐवजी विचारा: पहिल्या तासाला काय शिकवले? उदाहरण म्हणून कोणता खटला पुन्हा पुन्हा येई? कोणते पुस्तक वाचू नका म्हणत? पेपरात हमखास येणारा प्रश्न कोणता? पाच ते सात जण पुरेत, पण एकाच बॅचचे नकोत. नोकरीच्या सुरुवातीचे दोन, मधले दोन, निवृत्तीजवळचे दोन. दोघांनी एकमेकांशी न बोलता सांगितलेली गोष्ट ठेवा, एकट्याची आठवण ‘एका विद्यार्थ्याच्या सांगण्यानुसार’ म्हणून द्या.

वह्या मिळाल्या तर उत्तम. कायदा शिकवणारा आंबेडकर पाहायचा असेल तर महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा बारावा खंड उघडा. त्यात मुदतीचा कायदा, विश्वस्त कायदा, मालमत्ता हस्तांतरण, पुरावा अशा विषयांवरची टिपणे आहेत. संविधान सभेतले आंबेडकर सगळ्यांना माहीत असतात. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुद्द्यामुद्द्याने मांडणारे फारसे कुणी पाहिलेले नसतात. हिदायतुल्ला हे पुढे सरन्यायाधीश झाले, पण त्याआधी नागपूरच्या लॉ कॉलेजात त्यांनी शिकवले होते. पां. वा. काणे यांचा पाच खंडांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ असा चालला. ते वकिली करत होते आणि गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवतही होते, हे ‘भारतरत्न १९६३’ या शब्दांखाली झाकले जाते.

संस्था काढणाऱ्यांच्या बाबतीत उलटी फसगत होते: संस्था दिसते, अभ्यास दिसत नाही. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचे (१९२४) पहिले प्राचार्य जे. आर. घारपुरे यांनी हिंदू कायद्याचे संस्कृत ग्रंथ इंग्रजीत आणले. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात वारसाहक्काला व्यवहारमयूख हा ग्रंथ प्रमाण, मुंबई इलाख्यात इतरत्र मिताक्षरा; तेव्हा या भाषांतराचा उपयोग थेट कोर्टात होता. अशा माणसावर लिहिताना इमारतीच्या पायाभरणीपेक्षा भाषांतरातला एखादा श्लोक आणि त्यावर झालेला वाद जास्त बोलतो.

वारसा मोजताना

संगणकावर नाव टाकून ‘३१२ निकालांत उल्लेख’ असे लिहू नका. त्यात वकील म्हणून हजर असल्याच्या नोंदी येतात, नावबंधू येतात, आणि ‘हे मत आम्हाला मान्य नाही’ असे सांगणारे निकालही येतात. प्रत्येक उल्लेखापुढे चार शब्दांपैकी एक लिहा: अनुसरले, वेगळे काढले (म्हणजे या खटल्याला ते लागू नाही म्हटले), शंका घेतली, मोडले. दहा उल्लेख असे तपासले की चित्र स्पष्ट होते. भिन्नमत वेगळे मोजा. खन्नांचे एडीएम जबलपूरमधले एकट्याचे मत १९७६ मध्ये हरले, जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठांना सरन्यायाधीश केले, आणि त्यांनी राजीनामा दिला. नुसत्या पदांच्या यादीत हा माणूस ‘सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती’ एवढाच उरतो.

ज्याच्यावर लिहिता त्याचा चुकलेला निकालही घ्या, आणि बरोबर वाटणारा निकाल शेवटपर्यंत वाचा. वाय. व्ही. चंद्रचूडांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १० जुलै १९८५ ला, ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. मुंबईतल्या पदपथावर राहणाऱ्यांचा खटला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. म्हणून ‘पदपथवासीयांना घर वाचवून दिले’ असे लिहिले जाते. शेवटचे परिच्छेद वाचले तर दिसते की झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हटवू नका, म्हटले. तत्त्व एका बाजूला आणि आदेश दुसऱ्या बाजूला, असे कायद्यात नेहमी होते. केशवानंद भारतींचेही तेच: सिद्धान्त त्यांच्या नावाचा झाला, केरळच्या जमीन कायद्यावरचा त्यांचा दावा मात्र सफल झाला नाही.

छपाईआधी

शब्द तपासा. फौजदारी असेल तर खटला, दिवाणी असेल तर दावा, उच्च न्यायालयात थेट गेले असतील तर याचिका. संविधानाचा अनुच्छेद, कायद्याचे कलम. इंग्रजी निकालाचे भाषांतर तुम्ही केले असेल तर ते अवतरणात टाकू नका, आशय म्हणून द्या. अवतरणचिन्ह म्हणजे त्याच माणसाचे त्याच भाषेतले शब्द.

निकालपत्राचा मजकूर छापायला परवानगी लागत नाही. खासगी रिपोर्टची हेडनोट आणि संपादकाने घातलेली परिच्छेदरचना मात्र त्यांची मालमत्ता आहे. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात ते स्पष्ट केले. प्राध्यापकाची अप्रकाशित व्याख्याने आणि पत्रे वारसांच्या ताब्यात असतात, आणि ती व्यक्ती जाऊन साठ वर्षे होईपर्यंत बहुधा हक्कही त्यांचा असतो. लेखी संमती घ्या, तोंडी होकारावर छापू नका.

कच्चा मसुदा दोघांना दाखवा. त्या काळात त्या कोर्टात उभा राहिलेला एक ज्येष्ठ वकील आणि कायद्याशी संबंध नसलेला एक वाचक. वकील तारखा आणि पदे दुरुस्त करील. दुसऱ्याला एवढेच विचारा की या माणसाने नेमके काय म्हटले होते. त्याला दोन वाक्यांत सांगता आले नाही, तर ते सात-आठशे शब्द पुन्हा लिहायला घ्या.